पर्सेंटाइल, कॅप आणि कटऑफ : कोल्हापुरातून पाहिलेली प्रवेशप्रक्रिया

कोल्हापूर जिल्ह्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये गोकुळ शिरगाव, कसबा बावडा, वारणानगर, इचलकरंजी, जयसिंगपूर अशा ठिकाणी विखुरलेली आहेत. यांपैकी कोठेही बारावीनंतर प्रथम वर्षाला जाण्याचा मुख्य मार्ग एकच आहे : एमएचटी-सीईटी. या परीक्षेच्या निकालपत्रावर दोनशेपैकी किती गुण पडले हे छापलेले नसते. तेथे सात दशांश स्थळांपर्यंतचा पर्सेंटाइल असतो. पुढे तोच आकडा गुणवत्ता यादीत, पसंतीक्रमात आणि अखेर कटऑफमध्ये वावरतो. हा प्रवास तीन टप्प्यांचा आहे : गुणांकन, क्रमवारी आणि जागावाटप. तिन्ही टप्प्यांचे नियम स्वतंत्र आहेत. पालकांचे बहुतेक गैरसमज एका टप्प्याचा नियम दुसऱ्याला लावल्याने होतात.

सामाईक परीक्षेची पार्श्वभूमी

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात अभियांत्रिकीची जुनी केंद्रे म्हणजे सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०). वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३मध्ये राज्याने खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली. कोल्हापूरचे केआयटी आणि वारणानगरचे तात्यासाहेब कोरे महाविद्यालय त्याच वर्षीचे. जागा वाढल्या, तशी देणगीची प्रथाही वाढली. राज्याने १९८७मध्ये देणगीबंदीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३च्या उन्नीकृष्णन प्रकरणात खासगी महाविद्यालयांतील जागाही गुणवत्तेनेच भरण्याची योजना घालून दिली. टी. एम. ए. पै (२००२) आणि पी. ए. इनामदार (२००५) या निकालांनी संस्थांची स्वायत्तता मान्य केली. मात्र प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवर आधारलेला असावा ही अट कायम ठेवली. महाराष्ट्रात या अटीला २०१५च्या प्रवेश व शुल्क विनियमन अधिनियमाने पक्के रूप दिले. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, याच कायद्याखाली काम करतो.

कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती परीक्षा

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट लागतो : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) यांपैकी कोणताही गट चालतो. एमबीबीएस, बीडीएस आणि आयुष अभ्यासक्रमांना राष्ट्रीय पातळीवरची नीट आहे. वास्तुशास्त्राच्या पदवीत नाटा ही अभिरुची चाचणी आणि बारावीचे गुण अर्धे-अर्धे धरले जातात. विधी, व्यवस्थापन, बीएड यांच्या सीईटी वेगळ्या असतात. तंत्रनिकेतनातील पदविकेला मात्र प्रवेश परीक्षाच नाही. तेथे दहावीचे गुण पुरतात. पदविका पूर्ण करणारा विद्यार्थी त्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात जाऊ शकतो. म्हणजे एकाच वर्गात सीईटी देऊन आलेले आणि सीईटी कधीच न दिलेले विद्यार्थी शेजारी बसतात.

प्रश्नपत्रिका आणि मूळ गुण

पीसीएम गटाच्या प्रश्नपत्रिकेत १५० बहुपर्यायी प्रश्न असतात. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. एकूण गुण २००, वेळ तीन तास. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, पुढच्या ९० मिनिटांत गणित. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भारांश असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. हा नियम लहान दिसतो, पण गुणांच्या वितरणावर त्याचा मोठा परिणाम होतो. चार पर्यायांच्या पन्नास प्रश्नांवर केवळ अंदाजाने खुणा केल्या, तरी सरासरी साडेबारा उत्तरे बरोबर येतात. साहजिकच खालच्या पट्ट्यात गुणांची गर्दी होते आणि तेथे एका गुणाने क्रमांकात मोठी उडी पडते. अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा जेईई मेन व नीट यांमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. त्यामुळे तेथे प्रश्न सोडून देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

अनेक सत्रांचा प्रश्न

२०१९पासून एमएचटी-सीईटी संगणकावर होते. लाखो उमेदवारांना एकाच वेळी पुरतील इतके संगणक परीक्षा केंद्रांत नसतात. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत घेतली जाते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या काठिण्याच्या करणे शक्य नसते. एका सत्रातले १३० गुण आणि दुसऱ्या सत्रातले १३० गुण यांची थेट तुलना म्हणूनच अन्यायकारक ठरते. हा फरक मिटवण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात. त्यासाठी सीईटी सेल जेईई मेनसारखीच पर्सेंटाइल पद्धत वापरतो. २०२६-२७च्या प्रवेशापासून पीसीएम व पीसीबी गटांची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचे आणि त्यांतला चांगला पर्सेंटाइल धरण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. जेईई मेनमध्ये अशी सोय २०१९पासूनच आहे.

पर्सेंटाइलची गणना

पर्सेंटाइल काढण्याची रीत साधी आहे. एका सत्रात ज्यांचे मूळ गुण एखाद्या उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी आहेत, अशांची संख्या मोजायची. तिला त्या सत्रातील एकूण उपस्थितांच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. कल्पित आकडे घेतले तर चित्र स्पष्ट होते. सकाळच्या सत्राला २०,००० उमेदवार बसले आणि त्यांतल्या १८,६०० जणांना १३० किंवा त्याहून कमी गुण पडले, तर त्या सत्रात १३० गुणांचा पर्सेंटाइल ९३ येतो. दुसऱ्या दिवशीच्या सत्राला १६,००० उमेदवार होते, प्रश्नपत्रिका अवघड होती आणि १३० किंवा त्याहून कमी गुणांचे १५,३६० जण निघाले, तर तेथे त्याच १३० गुणांना ९६ पर्सेंटाइल मिळतो. ९३ पर्सेंटाइल आणि ९३ टक्के गुण यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पहिला आकडा किती जण मागे किंवा बरोबरीत आहेत हे सांगतो. किती उत्तरे बरोबर आली हे दुसऱ्यावरून कळते. प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल आपोआप १०० होतो. राज्यात एकाच वेळी अनेकांना शंभर पर्सेंटाइल मिळाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच.

पद्धतीमागचे गृहीतक

या गणनेचा पाया एका गृहीतकावर आहे : प्रत्येक सत्रातील उमेदवारांची सरासरी कुवत जवळपास सारखी असते. सत्रांत पुरेसे उमेदवार असले आणि त्यांची विभागणी यादृच्छिक असली, तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. सत्र लहान असले किंवा एखाद्या सत्रात विशिष्ट प्रकारचे उमेदवार एकवटले, तर ते ढासळते. एखाद्या सत्रातच दोष निघाला तर काय होते, याचे उदाहरण २०२५चे आहे. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. एखाद-दुसरा सदोष प्रश्न असल्यास त्याचे गुण सर्वांना देऊन भागते. येथे २१ प्रश्न म्हणजे ४२ गुण होते. ते सरसकट दिले असते, तर त्या सत्रातील आपापसातील क्रम केवळ उरलेल्या प्रश्नांवर ठरला असता आणि सदोष प्रश्नांवर कोणाचा किती वेळ गेला याचा हिशेब लागला नसता. त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेण्यात आली.

सात दशांश स्थळांचा अर्थ

९६.४८२१७३५ अशा आकड्यामुळे मोजमाप अत्यंत अचूक असल्याचा भास होतो. वस्तुतः २०,००० उमेदवारांच्या सत्रात एका उमेदवाराचे वजन ०.००५ पर्सेंटाइल इतके असते. त्याहून बारीक भेद त्या सत्रातल्या त्या सत्रात संभवतच नाही. पुढची दशांश स्थळे येतात ती निरनिराळ्या सत्रांतील उमेदवारांची संख्या भाजकात असल्यामुळे. त्यांचा व्यावहारिक उपयोग एवढाच की, सगळी सत्रे एकत्र करून यादी लावताना समान आकडे कमी येतात. पहिल्या दशांश स्थळाचे मोल मात्र खरे आहे. २०२५मध्ये पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक उमेदवार बसले. चार लाखांच्या यादीत एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० क्रमांक आणि ०.१ पर्सेंटाइल म्हणजे ४०० क्रमांक. ९९.१ आणि ९९.२ यांमधले हे चारशे जण संगणक अभियांत्रिकीच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाचे दार उघडू किंवा बंद करू शकतात.

विषयांचे पर्सेंटाइल आणि एकूण पर्सेंटाइल

निकालपत्रावर प्रत्येक विषयाचा वेगळा पर्सेंटाइल असतो आणि शिवाय एकूण पर्सेंटाइल असतो. एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. एकूण पर्सेंटाइल दोनशेपैकी मिळालेल्या मूळ गुणांवरून स्वतंत्रपणे काढला जातो. तिन्ही विषयांत ९०च्या आसपास असणाऱ्याचा एकूण पर्सेंटाइल ९०च्या वर जाऊ शकतो, कारण तिन्ही विषयांत सारखी कामगिरी करणारे मोजकेच असतात. गणिताचे गुण दुप्पट असल्याने एकूण क्रमवारीवर त्या विषयाची पकड अधिक असते. रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवूनही गणितात मागे पडलेला उमेदवार यादीत खाली घसरतो, तो या भारांशामुळे.

बारावीच्या गुणांचे स्थान

बारावीचे गुण कोठे धरायचे, याबाबत महाराष्ट्राने बरेच प्रयोग केले. २०१४ आणि २०१५मध्ये राज्याने स्वतःची अभियांत्रिकी सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन स्वीकारली. तेव्हा गुणवत्ता यादीत जेईईचे ५० टक्के व बारावीचे ५० टक्के धरले जात. राष्ट्रीय पातळीवरही काही वर्षे जेईई ६० आणि बारावी ४० असे सूत्र होते. ते २०१७पासून गेले. बारावीची मंडळे अनेक आणि त्यांची गुण देण्याची सढळता वेगळी, हा त्यातला मूळ पेच होता. २०१६मध्ये अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी परत आली. आज बारावीच्या गुणांचे काम उंबरठ्यापुरते आहे : निर्धारित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातील मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. हा उंबरठा ओलांडला की पुढचा क्रम सीईटीच ठरवते. ४६ टक्केवाला आणि ९६ टक्केवाला तेथे एका पातळीवर येतात.

गुणवत्ता यादी आणि बरोबरी

कागदपत्रांची छाननी झाल्यावर सीईटी सेल राज्याची गुणवत्ता यादी लावतो. एकूण पर्सेंटाइल समान असल्यास आधी गणिताचा, मग भौतिकशास्त्राचा, मग रसायनशास्त्राचा पर्सेंटाइल पाहतात. तेथेही बरोबरी राहिली तर बारावी-दहावीच्या गुणांकडे वळतात. निकालात चुरस असते तेथे गणिताला असे दुसऱ्यांदा महत्त्व मिळते. ही यादी सीईटीच्या निकालाहून वेगळी असते. निकालात परीक्षेला बसलेले सगळे असतात. गुणवत्ता यादीत प्रवेशासाठी नोंदणी करून पात्र ठरलेलेच उरतात. काही जण वैद्यकीयकडे वळतात, काही आयआयटी-एनआयटीकडे, काही परराज्यात जातात. त्यामुळे यादीतला क्रमांक निकालावरून केलेल्या अंदाजापेक्षा बहुधा वर सरकतो.

नीटची वेगळी वाट

नीटमध्ये सर्वसाधारणपणे देशभर एकच प्रश्नपत्रिका, एकच सत्र आणि कागदी उत्तरपत्रिका अशी रचना राहिली आहे. सगळ्यांना तेच १८० प्रश्न आणि तेच ७२० गुण असल्याने सामान्यीकरणाची गरज पडत नाही. मूळ गुणांवरूनच राष्ट्रीय क्रमांक लागतो. पर्सेंटाइल येथे केवळ पात्रतेसाठी आहे : खुल्या प्रवर्गाला ५०, राखीव प्रवर्गांना ४०. कोल्हापूर शहरात या व्यवस्थेच्या दोन शाखा शेजारी-शेजारी दिसतात. सीपीआर रुग्णालयाशी जोडलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या यादीतून भरल्या जातात. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचा भाग असल्याने तेथील समुपदेशन केंद्रीय समिती करते. दोन्हीकडे परीक्षा तीच, पण जागा वाटणारी यंत्रणा वेगळी आणि शुल्कातही जमीन-अस्मानाचा फरक.

साठ जागांचा हिशेब

यादीतल्या क्रमांकाला अर्थ येतो तो जागांच्या तक्त्यामुळे. एखाद्या खासगी विनाअनुदानित, अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या महाविद्यालयात एका शाखेच्या ६० जागा मंजूर आहेत, असे धरले तर त्यांतील २० टक्के, म्हणजे १२ जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. अनिवासी भारतीयांचा हिस्सा यातच येतो. उरलेल्या ४८ जागा कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जातात. त्यांतल्या ९ जागा, म्हणजे मंजूर क्षमतेच्या १५ टक्के, अखिल भारतीय असतात आणि त्यांवर जेईई मेनच्या गुणवत्तेला आधी स्थान मिळते. राज्यासाठी उरतात ३९. शिवाय ५ टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएस योजनेच्या असतात. त्या मंजूर क्षमतेवर अधिक धरल्या जातात. साठ जागांची शाखा म्हणजे साठ जणांची खुली स्पर्धा नव्हे, हे या तक्त्यातूनच कळते.

होम युनिव्हर्सिटी

विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात राज्याच्या जागांपैकी ७० टक्के जागा त्याच विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवारांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रांसाठी असतात. वरच्या उदाहरणात ३९पैकी २७ आणि १२ अशी ही वाटणी पडेल. १९६२मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे येतात. सोलापूरला २००४मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. महाराष्ट्राच्या नेहमीच्या उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावर ठरते. घराचा पत्ता त्यासाठी पाहिला जात नाही. कागलचा मुलगा शिकवणीसाठी लातूरला जाऊन तेथून बारावी झाला, तर तो नांदेडच्या विद्यापीठ क्षेत्रात मोजला जातो आणि कोल्हापुरातील महाविद्यालयांत ‘बाहेरचा’ ठरतो. अकरावीला गाव सोडण्याचा निर्णय दोन वर्षांनी अशा रीतीने कटऑफवर उमटतो. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३०चे प्रादेशिक सूत्र मात्र राज्याने २०२०मध्ये रद्द केले.

सीमाभागातील उमेदवार

राज्याच्या जागांसाठी उमेदवारांचे ए ते ई असे पाच प्रकार केलेले आहेत. ए प्रकारात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेले आणि येथील अधिवास असलेले किंवा येथे जन्मलेले उमेदवार येतात. बी प्रकार पालकांच्या अधिवासावर आधारलेला आहे. सी आणि डी हे केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. ई प्रकार कोल्हापूरला सर्वांत जवळचा. महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांना तो लागू होतो. निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातील विद्यार्थी त्यामुळे कर्नाटकात शिकूनही महाराष्ट्राच्या यादीत येतात. गाव विवादित भागात असल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे प्रमाणपत्र त्यांना जोडावे लागते. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असला, तरी प्रवेशाच्या नियमात त्या भूभागाची दखल अशी आधीच घेतलेली आहे.

आरक्षणाची वाटणी

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या रिक्त जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला. आजच्या शैक्षणिक आरक्षणाचे टक्के राज्याच्या कायद्यातून आलेले आहेत : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क व ड अनुक्रमे २.५, ३.५ व २, इतर मागासवर्ग १९. याशिवाय आर्थिक दुर्बल घटक १० आणि २०२४च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग १०. या उभ्या वाटणीवर आडवे आरक्षण असते : महिलांना ३० टक्के, दिव्यांगांना ५, अनाथांना १ टक्का, तसेच सैनिकांच्या पाल्यांसाठी ५. राखीव प्रवर्गातील उमेदवाराचा विचार आधी खुल्या जागेसाठी गुणवत्तेने होतो. तेथे क्रमांक लागला नाही तरच प्रवर्गाची जागा पाहिली जाते. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेळेत हाती नसेल, तर चांगला पर्सेंटाइल असूनही उमेदवाराला खुल्या प्रवर्गात जावे लागते.

कॅपच्या फेऱ्या आणि पसंतीक्रम

यादी व जागांचा तक्ता तयार झाल्यावर उमेदवार पसंतीक्रमाचा अर्ज भरतो. प्रत्येक महाविद्यालय आणि प्रत्येक शाखा मिळून एक स्वतंत्र पर्याय होतो. संगणक यादीतील पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो, त्या उमेदवाराचे पर्याय वरून खाली तपासतो, जेथे जागा मिळेल तेथे थांबतो आणि मग पुढच्या क्रमांकाकडे वळतो. या रचनेचा एक महत्त्वाचा परिणाम असा की, आवाक्याबाहेरचा वाटणारा पर्याय वर लिहिल्याने खालच्या पर्यायावरची संधी कमी होत नाही. तोटा होतो तो उलट केल्यास : सहज मिळेल असा पर्याय वर लिहिला, तर त्याखालचा अधिक आवडता पर्याय तपासलाच जात नाही. २०२५-२६च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर जागा आपोआप ‘फ्रीझ’ होई आणि उमेदवार पुढच्या फेऱ्यांतून बाद होई. त्याखालची पसंती मिळालेल्याला जागा हाती ठेवून ‘बेटरमेंट’साठी थांबता येई. त्यामुळे वरच्या काही पसंत्या विचार करून लिहिणे नियमानेच भाग पाडले.

कटऑफ वाचण्याची रीत

कटऑफ आधी ठरवला जात नाही. वाटप झाल्यावर तो उरतो. एखाद्या शाखेत, एखाद्या प्रकारच्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या उमेदवाराचा क्रमांक आणि पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. यादीत तो ‘जीओपनएच’, ‘एलओबीसीओ’ अशा संकेतांखाली छापलेला असतो. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिला. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. साठ जागांच्या शाखेत इतक्या वाटण्या झाल्यावर काही संकेतांखाली एखादीच जागा उरते. तेथील कटऑफ म्हणजे एकाच व्यक्तीचा पर्सेंटाइल. पुढच्या वर्षी ती व्यक्ती वेगळी असते आणि आकडा दहा-पंधरा अंकांनीही हलू शकतो. अंदाजासाठी अधिक जागांच्या संकेताचे, लागोपाठच्या दोन-तीन वर्षांचे आकडे आणि त्यांतही पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक पाहणे शास्त्रशुद्ध ठरते.

प्रवेशाचा मार्ग आणि शुल्क

खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रवेशांची वैधता प्रवेश नियामक प्राधिकरण तपासते. सवलती मात्र जागा कोणत्या मार्गाने मिळाली यावर अवलंबून असतात. आठ लाख रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना २०२४-२५पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. हे लाभ कॅपमधून आलेल्यांना मिळतात. संस्थास्तरावरील जागा घेणाऱ्याला मिळत नाहीत. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसूनही खर्चात मोठी तफावत राहते ती त्यामुळे.

मर्यादा

पर्सेंटाइल मोठ्या समूहाचा क्रम लावण्यासाठी उपयुक्त साधन आहे. त्याच्या मर्यादाही त्याच्या व्याख्येतून निघतात. दोन वर्षांच्या पर्सेंटाइलची तुलना होत नाही, कारण समूह बदलतो. शिकवणीची सोय, परीक्षेचा सराव आणि संगणकाची सवय यांचा परिणाम आकड्यात मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढता येत नाही. बहुपर्यायी प्रश्नांतून रचना, मांडणी, प्रयोगकौशल्य यांची परीक्षा होत नाही. पसंतीच्या टोकांवर तर हीच परीक्षा अगदी वेगळी वागते. संगणक शाखेच्या मोजक्या जागांपुढे दशांशाचा पहिला अंक निर्णायक ठरतो. मागणी ओसरलेल्या शाखांत जागा रिकाम्या राहतात. तेथे सीईटीत शून्याहून अधिक गुण आणि बारावीत ४५ टक्के एवढ्या पात्रतेवर प्रवेश होतो. म्हणून एखाद्या पर्सेंटाइलला ‘चांगला’ किंवा ‘कमी’ म्हणण्यापूर्वी शाखा, प्रवर्ग, विद्यापीठ क्षेत्र आणि प्रवेशाचे वर्ष या चार गोष्टी सांगाव्या लागतात. त्या वगळल्या तर त्या आकड्यावरून प्रवेशाविषयी काहीच निष्कर्ष काढता येत नाही.